मिठाच्या डोंगराखालचे गाव

ऑस्ट्रिया देशात, साल्झबुर्ग शहराच्या आग्नेयेस, आल्प्स पर्वताच्या रांगा एकमेकींना इतक्या बिलगून उभ्या आहेत की त्यांच्यामधील पाण्याला पसरायला फारसा वाव उरलेला नाही. अशाच एका खोल दरीत हालश्टाटचे सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ५०८ मीटर आणि त्याची खोली १२५ मीटर. दक्षिणेस डाखश्टाइनचा २,९९५ मीटर उंचीचा हिममंडित माथा, सभोवार पाण्यात सरळ उतरलेले कडे आणि पश्चिम तीरावर, कड्याच्या पायथ्याला चिकटून बसलेले हालश्टाट नावाचे गाव. लोकवस्ती जेमतेम साडेसातशे.

हे गाव पाहणाऱ्याला प्रथम जाणवते ती जागेची टंचाई. घरे एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी आहेत. खालच्या घराचे छप्पर जेथे संपते तेथे वरच्या घराचा उंबरठा सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत येथे गाडीरस्ता नव्हता. गावात यायचे तर नावेतून किंवा डोंगरातील पाऊलवाटेने. काठावरच्या एका घरातून दुसऱ्या घरी जाण्यासाठी एक तर होडी, नाही तर घरांच्या माळ्यांमधून गेलेली एक अरुंद वाट, एवढीच सोय होती. १८७७ साली लोहमार्ग आला, तोही समोरच्या तीरावर. १८९० साली खडक फोडून पश्चिम तीराने पहिला रस्ता काढण्यात आला. आजही रेल्वेने येणारा प्रवासी पलीकडच्या लहानशा स्थानकावर उतरतो आणि नावेतून सरोवर ओलांडून गावात येतो. काही वर्षांपूर्वी मीही याच मार्गाने तेथे गेलो व दोन दिवस राहिलो. पाण्यावरून येताना चर्चचे दोन मनोरे दिसतात, एक पाण्यालगत आणि एक वर खडकावर. या दोन मनोऱ्यांमध्ये गावाचा केवढा इतिहास दडलेला आहे, हे त्या वेळी लक्षात येत नाही.

निसर्गाने या गावाला मीठ हात सैल सोडून दिले, जागा मात्र मूठ आवळून दिली. येथील हजारो वर्षांच्या इतिहासाचा उलगडा या दोन गोष्टींतून होतो. जेथे जागा थोडी असते तेथे कोणाला ठेवून घ्यायचे आणि कोणाला नाही हा प्रश्न नेहमीचा असतो. हालश्टाटने वेगवेगळ्या काळी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली. त्यांतील काही ऐकून मन भरून येते, तर काही ऐकताना ख्रिस्तसभेचा सेवक म्हणून मान खाली घालावी लागते.

डोंगराच्या पोटातील समुद्र

आपणा किनाऱ्यावरच्या लोकांना मीठ म्हटले की मिठागर आठवते. खाडीचे पाणी बांधात घ्यावे, उन्हात आटवावे आणि पांढरे रास लावावेत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या डोंगरात मीठ कोठून यावे? सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी या भागात समुद्र होता. तो आटला, मिठाचे थर उरले, त्यांवर गाळ व खडक साचले आणि पुढे आल्प्स पर्वत उचलला गेला तेव्हा तेही थर त्याच्या पोटात उचलले गेले. गावाच्या वर, डोंगरातील एका उंच दरीत ही मिठाची खाण आहे. हाल, हालाइन, राइशेनहाल अशी जी गावांची नावे त्या प्रदेशात आढळतात, ती सारी मिठाच्या धंद्याशी जोडलेली आहेत.

येथे माणूस केव्हापासून मीठ काढतो? हरणाच्या शिंगापासून केलेले खणण्याचे एक हत्यार या दरीत सापडले आहे. ते सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे तज्ज्ञ सांगतात. इ. स. पूर्व पंधराव्या शतकाच्या सुमारास तर डोंगरात खोलवर भुयारे खणून मोठ्या प्रमाणावर मीठ काढले जात होते. मीठ हे तेव्हा केवळ चवीचे साधन नव्हते. हिवाळ्याच्या देशात मांस टिकवायचे तर मिठावाचून गत्यंतर नाही. त्या दरीत लाकडाचे ओंडके रचून केलेले मोठाले हौद सापडले आहेत. त्यांत डुकराचे मांस शेकड्यांनी खारवले जात असे. ज्याच्या हाती मीठ त्याच्या हाती हिवाळ्याची बेगमी, असा तो काळ होता.

जे मीठ मांस टिकवते ते इतर वस्तूही टिकवते. जगातील बहुतेक प्राचीन स्थळी दगड, धातू आणि मातीची भांडी तेवढी उरतात. लाकूड, चामडे, कापड, अन्न हे सारे कुजून जाते. हालश्टाटच्या खाणीत मात्र तेही उरले. एक लाकडी जिना तेथे सापडला आहे. त्याचे लाकूड इ. स. पूर्व १३४४-४३ मध्ये तोडलेले आहे, हे झाडाच्या वर्षवलयांवरून ठरवता आले. त्याच्या पायऱ्या दोन्ही बाजूंच्या ओंडक्यांतील खाचांत अशा बसवल्या आहेत की खडक सरकला तर त्यांचा उतार बदलता यावा. गाईच्या कातड्याची, पाठीवर घ्यायची पोती सापडली आहेत. त्यांची रचना अशी की पोते खांद्यावरून न उतरवताही कलते करून रिकामे करता येई. उजेडासाठी पेटवलेल्या लाकडी काडक्यांचे अर्धवट जळलेले तुकडे तर अगणित आहेत. कामगारांच्या अंगातील रंगवलेल्या लोकरी वस्त्रांच्या चिंध्याही मिळाल्या.

ते काय खात होते हेही मिठाने राखून ठेवले. धान्य आणि घेवडावर्गातील कडधान्य एकत्र शिजवून केलेले जाड कढण हे त्यांचे नित्याचे अन्न होते. लोहयुगातील कामगार निळी बुरशी धरलेले चीज खात व बिअर पीत, हे खाणीत टिकून राहिलेल्या मानवी विष्ठेच्या परीक्षणावरून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून देण्यात आले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कष्टकऱ्याच्या न्याहारीविषयी इतके नेमके ज्ञान आपल्याला क्वचितच असते.

या अवशेषांत लहान मुलांच्या पायांतील चामडी जोडेही आहेत. खाणीजवळच्या दफनभूमीत मिळालेल्या मुलांच्या सांगाड्यांवर मानेचे सांधे झिजल्याच्या खुणा आहेत. कोवळ्या वयात डोक्यावर ओझी वाहिल्यावाचून त्या उमटत नाहीत. हालश्टाटच्या वैभवाचा पाया कोणाच्या मानेवर उभा होता, हे त्या हाडांनी सांगितले. इतिहासकाराला राजांची नावे लेखांतून मिळतात, मजुरांची साक्ष मात्र अशी हाडांतून घ्यावी लागते.

रामझाउअरची वही

ही दफनभूमी जगापुढे आणण्याचे श्रेय योहान गेओर्ग रामझाउअर या खाणीच्या अधिकाऱ्याकडे जाते. तो पुराणवस्तूंचा पदवीधर अभ्यासक नव्हता. १८४६ साली खाणीजवळ त्याला काही जुन्या कबरी आढळल्या. त्या काळी अशा ठिकाणी सोन्याब्राँझच्या वस्तू काढून घ्यायच्या आणि बाकीचे फेकून द्यायचे अशीच रीत होती. रामझाउअरने तसे केले नाही. प्रत्येक कबरीला त्याने क्रमांक दिला, सांगाडा कसा होता, कोणती वस्तू कोठे ठेवलेली होती हे लिहून ठेवले आणि जलरंगात त्यांची चित्रे काढवून घेतली. १८६३ पर्यंत त्याने ९८० कबरी उघडल्या. १८५६ साली सम्राट फ्रान्झ योझेफ व सम्राज्ञी एलिझाबेथ स्वतः हे उत्खनन पाहण्यास आले होते.

या कबरींतून युरोपच्या लोहयुगाचे एक अज्ञात दालन उघडले. बाल्टिक किनाऱ्याकडील अंबर, आफ्रिकेतील हस्तिदंताच्या मुठी असलेल्या तलवारी, ब्राँझची नक्षीदार भांडी एवढी संपत्ती या आडवळणी दरीत आली ती केवळ मिठाच्या मोबदल्यात. काही मृतांना पुरलेले होते, तर जवळजवळ तितक्यांचेच दहन करून अस्थी ठेवलेल्या होत्या. दोन्ही प्रकारच्या कबरी एकाच भूमीत शेजारी शेजारी होत्या. स्वीडनचे पुरातत्त्ववेत्ते हान्स हिल्डेब्रांड यांनी १८७४ साली युरोपच्या लोहयुगाचे दोन भाग पाडले आणि पहिल्या भागाला हालश्टाटचे नाव दिले. इ. स. पूर्व ८०० ते ४५० या काळाला आजही 'हालश्टाट संस्कृती' असेच म्हणतात. साडेसातशे वस्तीच्या गावाला मिळालेला हा मान लहान नव्हे.

सम्राटांचे मीठ

रोमन काळात सरोवराच्या काठी वस्ती होती. पुढील काही शतकांविषयी फारसे सांगता येत नाही. मध्ययुगात मात्र हालश्टाट पुन्हा प्रकाशात येते, तेही मिठामुळेच. हाब्सबुर्ग घराण्यातील आल्ब्रेख्त याने १२८४ साली खाणीच्या रक्षणासाठी डोंगरावर बुरूज बांधला व त्याला आपल्या पित्याचे, रुडॉल्फचे, नाव दिले. आल्ब्रेख्तच्या खुनानंतर त्याची विधवा राणी एलिझाबेथ हिने मिठाच्या धंद्याची नव्याने घडी बसवली आणि १३११ साली गावाला बाजारपेठेचे हक्क दिले. या साऱ्या प्रदेशाला साल्झकामरगुट म्हणतात. त्याचा अर्थच मुळी राजाच्या खजिन्याच्या ताब्यातील मिठाची जहागीर असा होतो.

खाणकामाची पद्धत आता बदलली होती. डोंगराच्या पोटात गोडे पाणी सोडायचे, त्यात मीठ विरघळू द्यायचे, मग ती मिठवणी खाली आणून मोठ्या कढयांत उकळायची. त्यासाठी सरपण लागे अफाट. आसपासची अरण्ये अपुरी पडू लागली तेव्हा लाकूड मिठवणीकडे आणण्याऐवजी मिठवणीच लाकडाकडे नेण्याचे ठरले. १५९५ ते १६०७ या बारा वर्षांत सुमारे १३ हजार झाडांचे खोड पोकळ करून ते एकमेकांना जोडण्यात आले आणि हालश्टाटपासून एबेनझेपर्यंत ४० किलोमीटर लांबीची नळवाहिनी तयार झाली. आजही हालश्टाटची मिठवणी एबेनझेलाच जाते.

धर्मग्रामाच्या चर्चमध्ये, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाला वाहिलेल्या त्या वरच्या मंदिरात, या श्रमाचे प्रतिबिंब पडलेले आहे. १५१० ते १५२० च्या दरम्यान लिओनहार्ड आस्टल या शिल्पकाराने येथील पंखांची लाकडी वेदी घडवली. मध्यभागी बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया आहे. तिच्या एका बाजूला संत बार्बरा, दुसऱ्या बाजूला संत कॅथरिन. बार्बरा ही खाणकामगारांची आश्रयदाती, कॅथरिन ही लाकूडतोड्यांची. भुयारात उतरणारा आणि अरण्यात कुऱ्हाड चालवणारा, या दोघांच्याही घामाला त्या वेदीवर स्थान मिळाले. वेदीपुढे उभा असताना मला वाटले, श्रमिकांच्या प्रतिष्ठेवरची परिपत्रके निघण्याआधी कित्येक शतके एका गावाने तो विचार लाकडात कोरून ठेवला होता.

१७३४ : दोन घटना

वेदी घडली आणि लवकरच युरोपात धर्मसुधारणेचे वादळ सुटले. मार्टिन ल्यूथर यांची शिकवण खाणकामगारांत झपाट्याने पसरली. साल्झकामरगुटातील मोठा समाज प्रोटेस्टंट झाला. सत्ताधारी हाब्सबुर्ग घराणे कॅथोलिक. जुन्या धर्मात परत आणण्यासाठी सक्ती सुरू झाली तेव्हा १६०१ साली मीठ कामगारांनी बंड केले. १६०२ च्या प्रारंभी साल्झबुर्गच्या आर्चबिशपांचे सैन्य आले आणि ते बंड मोडले गेले. पुढाऱ्यांना फाशी देण्यात आले. बाहेरून सारे गाव कॅथोलिक झाले. आतून अनेक घरांत ल्यूथरपंथीय ग्रंथ लपवून वाचले जात राहिले. अशी शंभराहून अधिक वर्षे गेली.

मग आले १७३४ साल. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात खाणीतील जुना भाग कोसळला असता कामगारांना खडकात चपटून गेलेला एक मानवी देह दिसला. अंगावरच्या वस्त्राचे तुकडे आणि पायांतील जोडे ओळखू येत होते. मिठाने त्याला राखून ठेवले होते. जुन्या खोदकामाच्या राड्याने भरलेल्या भागाला खाणकामगार 'परधर्मीयांचा डोंगर' म्हणत. ख्रिस्तजन्मापूर्वी येथे कोणीतरी खणत होते याची पुसटशी जाणीव त्या नावात आहे. आज आपल्याला कळते की तो देह अपघातात गाडल्या गेलेल्या प्राचीन खाणकामगाराचा होता. तेव्हा एवढेच कळले की हा ख्रिस्ती नसावा. म्हणून त्याला धन्य केलेल्या भूमीत न पुरता, संस्कार नाकारलेल्यांच्या कोपऱ्यात मूठमाती देण्यात आली, असे सांगतात.

त्याच वर्षी, अवघ्या तीन महिन्यांनंतर, दुसरी घटना घडली. सम्राट सहावा कार्ल याच्या आज्ञेने साल्झकामरगुटातील उघड झालेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना हद्दपार करण्यास प्रारंभ झाला. तीन वर्षांपूर्वी, १७३१ साली, शेजारच्या साल्झबुर्गचे आर्चबिशप फिर्मियान यांनी सुमारे वीस हजार प्रोटेस्टंटांना देशाबाहेर घालवले होते आणि त्यांतील बहुतेक प्रशियाच्या राजाला जाऊन मिळाले होते. हाती कसब असलेली माणसे दुसऱ्याच्या राज्यात जावीत हे सम्राटाला परवडणारे नव्हते. त्याने निराळी युक्ती केली. या माणसांना डॅन्यूब नदीतून आपल्याच साम्राज्याच्या पूर्व टोकाला, ट्रान्सिल्व्हानियात, नेऊन सोडायचे. तेथे ल्यूथरपंथाला मान्यता होती. १७३४ ते १७३७ या काळात हालश्टाट, गोझाऊ, गोइझर्न, इश्ल या गावांतील सहाशेहून अधिक माणसे अशी नेली गेली. हर्मानश्टाट, म्हणजे आजच्या रुमानियातील सिबिऊ, या शहराजवळच्या नेपेनडॉर्फ व ग्रोसाऊ या गावांत त्यांची वस्ती झाली. पुढे सम्राज्ञी मारिया तेरेसा हिच्या राज्यात, १७५२ ते १७५८ च्या दरम्यान, इतर भागांतूनही अशी पाठवणी झाली आणि तेव्हा कित्येक आईबापांची लेकरे त्यांच्यापासून काढून घेण्यात आली. हेतू हा की मुले तरी कॅथोलिक राहावीत.

विचार करावा तो हा. एका वर्षात डोंगराने एक अनोळखी माणूस गावाच्या स्वाधीन केला आणि गावाने आपली ओळखीची, पिढ्यान्पिढ्यांची शेजारी माणसे घालवून दिली. भुयारात ज्यांच्या हातातला दिवा आपल्यापुढे चालत होता, त्यांना केवळ प्रार्थनेची पद्धत निराळी म्हणून नावेत बसवले गेले. आदेश सम्राटाचा होता हे खरे. पण कोणाच्या घरी कोणते पुस्तक आहे, कोण मिस्साबलिदानाला येत नाही, कोण उपवास पाळत नाही, ही माहिती धर्मगुरूंकडून आणि शेजाऱ्यांकडूनच गोळा होत होती. त्या परगण्यांतील धर्मगुरू माझ्यासारखेच सेमिनरीत शिकलेले, आपण आत्म्यांचे रक्षण करीत आहोत अशी श्रद्धा बाळगणारे होते. त्यांच्या हेतूवर बोट ठेवणे सोपे नाही, आणि त्यांच्या कृतीचे समर्थन करणे तर त्याहून कठीण आहे.

त्या निर्वासितांचे वंशज 'लांडलर' या नावाने ओळखले गेले. अडीच शतके त्यांनी आपली ऑस्ट्रियन बोली त्या दूर देशी जपली. १९८९ नंतर रुमानियातील राजवट बदलली तेव्हा त्यांतील बहुतेक जर्मनी-ऑस्ट्रियाकडे निघून गेले.

अस्थिगृहातील नावे

त्याच सुमारास गावात आणखी एक प्रथा रूढ होत होती. चर्चमागे संत मायकलचे बाराव्या शतकातील लहान प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या तळघरात अस्थिगृह आहे. कड्यावरच्या दफनभूमीत जागा इतकी थोडी की दहापंधरा वर्षांनी कबर पुन्हा उघडून दुसऱ्यासाठी मोकळी करावी लागे. मृताच्या अस्थी बाहेर काढीत, कवटी स्वच्छ करीत आणि कित्येक आठवडे उन्हाचांदण्यात ठेवीत. ती हस्तिदंतासारखी पांढरी झाली की बहुधा कबर खणणाराच तिच्यावर रंगाने नाव लिही व पानाफुलांची माळ काढी. चित्रकामाची ही रीत १७२० च्या सुमारास सुरू झाली. अस्थिगृहात सुमारे १,२०० कवट्या आहेत व त्यांतील सुमारे ६१० रंगवलेल्या आहेत. ओकची पाने, आयव्हीची वेल, गुलाब, क्रूस यांनी त्या सजवलेल्या आहेत. एका कुळातील माणसे शेजारी शेजारी मांडलेली आहेत.

तळघराचा दरवाजा ओलांडताना भय वाटेल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. कोणी आजी, कोणी नातू, कोणी जावई असे सारे आपापल्या नावानिशी बसलेले दिसले. येझकेल संदेष्ट्याने पाहिलेले शुष्क अस्थींचे खोरे आठवले. पण तेथील अस्थी विखुरलेल्या व निनावी होत्या. येथे प्रत्येकाला नाव आहे, कपाळावर फुले आहेत. जागा नाही म्हणून या गावाने आपल्या मृतांना टाकून दिले नाही. जी थोडी जागा होती तीत त्यांना दाटीवाटीने, परंतु प्रेमाने, बसवून घेतले. शरीराचे पुनरुत्थान होईल या श्रद्धेचा असा साधा, हाताने रंगवलेला पुरावा मी अन्यत्र पाहिला नाही.

१९६३ साली ख्रिस्तसभेने दहनविधीवरील निर्बंध शिथिल केले. अस्थिकलशाला जागा थोडी लागते, त्यामुळे कबरी रिकाम्या करण्याची निकड सरली आणि ही प्रथा मागे पडली. शेवटची कवटी १९९५ साली ठेवण्यात आली. ती १९८३ साली निधन पावलेल्या एका स्त्रीची. तशी तिचीच इच्छा होती.

अस्थिगृहातून बाहेर पडलो तरी एक विचार पाठ सोडीना. कवट्यांवर नावे लिहिण्याची रीत रुळत होती तीच वर्षे शेजाऱ्यांना नावेत बसवण्याची होती. मृतांना जागा करून देणाऱ्या हातांना जिवंतांसाठी जागा सापडली नाही.

पाण्यावरची मिरवणूक आणि दुसरा मनोरा

जागेच्या टंचाईतून या गावात एक सुंदर परंपराही जन्मली. ख्रिस्तशरीराच्या सणाला पवित्र साक्रामेंताची मिरवणूक रस्त्यांवरून काढतात. हालश्टाटमध्ये मिरवणूक निघावी असे रस्तेच नव्हते. म्हणून १६२३ सालापासून ती सरोवरावर निघते. फुलापानांनी सजवलेल्या नावेत पवित्र साक्रामेंत घेऊन धर्मगुरू उभे असतात आणि मागोमाग भाविकांच्या नावा. ती मिरवणूक आजही निघते.

पाण्यालगतच्या दुसऱ्या मनोऱ्याची कथा उशिराची आहे. १७८१ साली मारिया तेरेसाचा पुत्र दुसरा योझेफ याने सहिष्णुतेचा जाहीरनामा काढला. शंभर कुटुंबे किंवा पाचशे माणसे असतील तेथे प्रोटेस्टंटांना प्रार्थनागृह बांधता येईल. मात्र त्याला मनोरा नसावा, घंटा नसावी, हमरस्त्याकडे दार नसावे. दीडशेहून अधिक वर्षे मुक्या राहिलेल्या माणसांनी आता उघडपणे आपली नावे नोंदवली. हालश्टाटमध्ये १७८५ साली त्यांचे प्रार्थनागृह उभे राहिले. १८६१ साली समान हक्क मिळाले आणि १८६३ साली मनोरा असलेले, घंटा वाजवणारे त्यांचे चर्च गावाच्या मध्यभागी पूर्ण झाले. रामझाउअरने आपले उत्खनन थांबवले तेही याच साली. त्याने डोंगरावर दाखवून दिले होते की, पुरणारे व दहन करणारे एकाच भूमीत नांदले. खाली गावाला तोच धडा गिरवण्यास कितीतरी शतके लागली.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मान्य केला. १९९९ साली आउग्सबुर्ग येथे कॅथोलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनी नीतिमान ठरवले जाण्याच्या शिकवणीवरील संयुक्त निवेदनावर स्वाक्षऱ्या केल्या. १२ मार्च २००० रोजी संत पेत्राच्या महामंदिरात परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या असहिष्णुतेबद्दल देवाकडे क्षमा मागितली. या दस्तऐवजांचा अभ्यास आम्ही धर्मगुरू करतो. पण क्षमा कशाची मागितली हे ज्याला प्रत्यक्ष समजून घ्यायचे असेल, त्याने हालश्टाटसारख्या एखाद्या लहान गावाचा इतिहास वाचावा.

पाहुण्यांची भरती

आज हालश्टाटपुढे जागेचा प्रश्न पुन्हा उभा आहे, निराळ्या वेशात. १९९७ साली युनेस्कोने डाखश्टाइनसह या परिसराचा जागतिक वारशात समावेश केला. २००६ साली एका कोरियन दूरदर्शन मालिकेत हे गाव झळकले. २०१२ साली चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात या गावाची हुबेहूब प्रतिकृती बांधण्यात आली, चर्चच्या मनोऱ्यासकट. त्यानंतर मूळ गाव पाहण्यास येणाऱ्यांची गर्दी वाढतच गेली. हंगामातील एखाद्या दिवशी दहा हजारांपर्यंत पाहुणे येऊ लागले. साडेसातशेंच्या गावात दहा हजार! २०२० पासून पर्यटक बसगाड्यांना ठरावीक वेळा नेमून द्याव्या लागल्या. २०२३ च्या मे महिन्यात छायाचित्रे काढणाऱ्यांची झुंबड आवरण्यासाठी गावाने सरोवराच्या दृश्यासमोर लाकडी कुंपण घातले, टीका झाल्यावर ते काढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गावकऱ्यांनी बोगद्याजवळ रस्ता अडवून निदर्शने केली. राहती घरे पाहुण्यांच्या मुक्कामासाठी जातात, गावच्या तरुणांना घर मिळणे कठीण होते, ही त्यांची व्यथा आहे.

ती व्यथा खरी आहे, आणि पाहुण्यांचे कौतुकही खोटे नाही. दोन दिवसांचा पाहुणा असलेल्या मला त्यांच्यातील न्यायनिवाडा करण्याचा अधिकार नाही. एवढे मात्र म्हणावेसे वाटते की ज्यांनी हे गाव केवळ चित्रासारखे पाहिले त्यांनी त्याचे अर्धेच दर्शन घेतले. प्रतिकृतीत घरे उभी करता येतात, मनोरा उभा करता येतो. सात हजार वर्षांचे खणणे, मानेच्या सांध्यांवरची मुलांच्या ओझ्याची खूण, लपवलेले ग्रंथ, सरोवरावरून निघून गेलेल्या नावा आणि कवटीवर रंगवलेले आजीचे नाव, यांची प्रतिकृती होत नाही.

बाप्तिस्म्याच्या जुन्या विधीत बालकाच्या जिभेवर मिठाची चिमूट ठेवीत असत. १९६९ च्या नव्या विधीत ती प्रथा राहिली नाही. तिचा अर्थ असा की या जिवाला नासाडी न लागो आणि सुज्ञतेची गोडी लागो. प्रभूने आपल्या शिष्यांना पृथ्वीच्या मिठाची उपमा दिली आणि मिठाचा खारटपणा जाऊ शकतो असा इशाराही दिला. मिठाचे काम आवडेल तेवढेच राखून ठेवणे नव्हे. हालश्टाटच्या डोंगराने चांगले-वाईट, आपले-परके असे काही न निवडता सारे राखले, म्हणून आज आपल्याला सत्य कळते. धर्मग्रामाच्या वह्या, गावच्या आठवणी आणि घराण्यांच्या कथा आपणही जपतो. त्यांतील गौरवाची पाने आपण मोठ्याने वाचतो, हे योग्यच आहे. ज्यांना आपल्या पूर्वजांनी उठवून लावले त्यांची पानेही त्याच आवाजात वाचली गेली पाहिजेत. हालश्टाटच्या सरोवरात आज दोन्ही मनोऱ्यांची प्रतिबिंबे पडतात आणि दोन्ही घंटांचे नाद त्याच कड्यांवर आदळून एकमेकांत मिसळतात. त्या गावाला हे पाहण्यासाठी १८६३ सालापर्यंत थांबावे लागले. आपल्या शेजाऱ्यांना आपण किती थांबवणार आहोत, हा प्रश्न त्या लहानशा गावाने माझ्यापुरता तरी कायमचा उभा करून ठेवला आहे.